राबातलं मैदान

भैरूने खेळाच्या सरांना जे मैदान कबूल केलं होतं, ते मुळात त्याच्या गावात नव्हतंच. होता तो देवळामागचा माळ, आणि त्यावर गुरं चरायला उभी राहिली तरी एका अंगाला कललेली दिसायची. पण सत्तावन्न सालच्या उन्हाळ्यात पुण्याला कॉलेजच्या मैदानावर नव्या वसतिगृहासाठी खडी येऊन पडली, सराव कुठं घ्यावा म्हणून आगाशे सर डोक्याला हात लावून बसले, आणि नेमका तेव्हाच भैरू त्यांच्या टेबलासमोर उभा होता. उचलली जीभ, लावली टाळ्याला!

"आमच्या मुळशीला चला, सर. केवढं मैदान आहे गावात! राहायला देऊळ, जेवायला आमचं घर."

"खरंच?" सर म्हणाले, आणि भैरूच्या खांद्यावर त्यांनी हात ठेवला. गेल्या वर्षभरात सरांचा हात त्याच्या खांद्यावर पहिल्यांदाच पडत होता. त्या हाताखाली 'मैदान जरासं खडकाळ आहे' हे शब्द जे विरघळले ते विरघळलेच.

त्याला हवी होती सेंटर हाफची जागा. गेल्या मोसमात कॉलेजचा फुटबॉलचा संघ पहिल्याच फेरीत पाच गोल खाऊन परतला होता. यंदा मात्र आशा होती. कॅम्पातला मेंडिस कप्तान झाला होता; तो गोलात उभा राहिला की चेंडू जाळीपर्यंत जायला कचरायचा. पुढच्या फळीत दोन पोरं अशी चपळ, की त्यांच्याच मागून धावणाऱ्याला धाप लागावी. अडचण एकच. जुना सेंटर हाफ कॉलेजात बरीच वर्षं मुक्काम ठोकून अखेर एकदाचा बी.ए. झाला होता, आणि मधली जागा ओस पडली होती. सर म्हणत, ती जागा भरली तर यंदा शील्ड आपली. भैरूने वर्षभर हाफटाइमला सगळ्यांना लिंबं कापून दिली होती, ब्लॅडरमध्ये हवा भरली होती. आता त्याला स्वतः खेळायचं होतं.

मे संपता संपता संघ पौडला एस.टी.तून उतरला आणि बोचकी डोक्यावर घेऊन चालत गावात आला. भैरूच्या आईने, रत्नाबाईने, पोरांना आंबेमोहोराचा भात आणि कुळथाचं पिठलं वाढलं. पोरांनी वास घेऊनच अर्धं पोट भरलं. इथवर सगळं झकास झालं. मग सर म्हणाले, "चला, मैदान दाखव."

सर माळावर एक फेरी मारून आले. बोलली ती पोरं. चेंडू ठेवला की तो आपणहून ओढ्याकडं चालायला लागायचा. एक जण म्हणाला, "भैरू, तुमच्यात गोल खालच्या अंगाला एकच असतो का रे?" दुसऱ्याने विचारलं, "आणि रेफरी काय, शेळी?" पहिल्या दहा मिनिटांत एका बॅकचा गुडघा खडकावर सोलून निघाला. मेंडिसने एकदा उडी घेतली आणि कोपर धरून बसला तो उठेचना. सरांनी शिट्टी खिशात टाकली.

"इथं हातपाय मोडून घेण्यात अर्थ नाही," ते म्हणाले. "उद्या सकाळच्या गाडीने परत." भैरूकडं त्यांनी बघितलंही नाही. शिव्या दिल्या असत्या तर बरं, असं भैरूला वाटलं. त्याचे कान तापले. आणि नेमका तेव्हा, कोपर चोळत मेंडिस माळाच्या कडेला उभा होता, तो ओरडला, "अरे, ते खाली काय आहे?"

खाली ओढ्याच्या काठाला एक सपाट तुकडा होता. काळाभोर, लोण्यासारखा मऊ, एक खडा म्हणून नाही. भोवती करवंदीच्या काट्यांचं कुंपण.

तो तानुबाईचा राब होता. मुळशीतलं शेंबडं पोरसुद्धा सांगेल, उन्हाळ्यात एका तुकड्यावर शेण, पाला, छाटलेल्या डहाळ्यांचं कवळ पसरून भाजायचं, ती राख मातीत मिसळून माती पिठासारखी करायची, आणि पाऊस यायच्या आधी कोरड्या धुळीतच भात पेरून मोकळं व्हायचं. त्यातून रोप उठतं, ते उपटून खाचरात लावायचं. राब गेला तर रोप गेलं, आणि रोप गेलं तर वर्ष गेलं. पेरलेला राब दिसतो मात्र निव्वळ मोकळा. शहरातल्या माणसाला तिथं मातीशिवाय काही दिसायचं नाही.

तानुबाई वरच्या वाडीची. नवरा गेल्यापासून ती आणि तिचा मुलगा देवू तो तुकडा आणि त्याखालची दोन खाचरं कसत होते. कागदावर जमीन भैरूच्या वडिलांची, कुशाबाची, पण भैरूला आठवतं तेव्हापासून तिथं पाठ मोडून घेतली ती तानुबाईने. आठ दिवसांपूर्वी पेरणी उरकून ती देवूला घेऊन धरणापलीकडं लेकीच्या, गंगूच्या, बाळंतपणाला गेली होती. आणि भैरू घरी आल्या आल्या आईने त्याला बजावलं होतं, "तानीच्या राबात कोंबडी-वासरू जाऊ दिऊ नगंस. बिचारी माज्या भरवशावर गेलीया."

"कुणाची जागा ही?" सरांनी विचारलं.

"आमचीच," भैरू म्हणाला.

"पडीक आहे?"

सगळी पोरं त्याच्याकडं बघत होती. नाही म्हटलं असतं तर सकाळची गाडी होती, आणि पुढं वर्षभर लिंबं होती.

"पडीकच आहे, सर."

"आणि ही राख कसली?"

"साफसफाई केलीय. पाला जाळलाय."

खोटं एकदा बोलायला लागलं की ते किती गुळगुळीत निघतं याचं त्याचं त्यालाच नवल वाटलं. मग करवंदीचे काटे त्याने स्वतःच्या हातांनी ओढून बाजूला टाकले. दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही. हाताला काटे बोचले, रक्त आलं, तर पोरं म्हणाली, वा भैरू, गडी कामाचा आहे!

त्या जागेवर मेंडिस जो खुलला, तो विचारू नका. डावीकडं झेप, उजवीकडं झेप, मातीत पडायचा आणि हसत उठायचा. बुटांच्या खिळ्यांनी माती उकरली जायची, पुन्हा दाबली जायची. संध्याकाळी सगळा संघ कोळशाच्या वखारीतून आल्यासारखा काळा होऊन ओढ्यात डुंबायचा. सर काठावर बसून मोसमाचे बेत सांगायचे: पहिली फेरी सोपी, दुसरीत इंजिनिअरिंगवाले, ते अंगावर येतात, त्यांना मधेच अडवायला छातीचा सेंटर हाफ पाहिजे. असं म्हणून ते भैरूकडं बघत.

भैरू खेळत होताही चांगला. इतका चांगला तो आधी कधी खेळला नव्हता. पाय थांबला की डोळे खाली जायचे आणि वर आलेला भाताचा दाणा दिसायचा, म्हणून तो पाय थांबूच देत नव्हता. सकाळी सगळ्यांच्या आधी तो तिथं जाऊन पोचायचा, तर चिमण्यांचा हा थवा बसलेला. आयतं वाढलेलं ताट! तो त्यांना हाकलायचा, आणि हाकलता हाकलता मनाशी म्हणायचा, आपला राब केवढा मोठा आहे, त्यातलं रोप तानूमावशीला देऊ. आईला सांगू, आई आबांना सांगेल. ह्या हिशेबावर त्याचा स्वतःचाच विश्वास बसत नव्हता.

एकदा कुशाबा बांधावर येऊन उभा राहिला. भैरूला वाटलं, आबा आता चारचौघांत काढणार आपली, सरांसमोर, संघासमोर! पण कुशाबाने नुसती मिशीवरून मूठ फिरवली. तुडवलेल्या राबाकडं पाहिलं, ओढून टाकलेल्या काट्यांकडं पाहिलं, आणि म्हणाला, "खेळा, खेळा. चांगलं खेळा." आणि हसत निघून गेला. भैरूचा जीव भांड्यात पडला. बाप रागावत कसा नाही, हे त्या शहाण्याने स्वतःला विचारलं नाही.

त्याच संध्याकाळी सरांनी ओढ्याकाठी संघ जाहीर केला. सेंटर हाफ म्हणून भैरूचं नाव घेतलं आणि पोरांनी त्याला तसाच ओला उचलून पाण्यात फेकला.

दुसऱ्या दिवशी तानुबाई आली.

खेळ रंगात होता. बांधावर ती उभी असलेली भैरूला दिसली, डोक्यावर गाठोडं, मागं देवू. चेंडू भैरूच्या पायाशी होता. तिने राबाकडं पाहिलं, मेंडिसकडं पाहिलं, मग सगळ्या मुलांमधून नजर फिरत फिरत भैरूवर येऊन थांबली. "भैरू, पास!" कुणीतरी ओरडलं. भैरूने पास दिला. अगदी अचूक दिला. परत वळून पाहिलं तर बांध रिकामा होता.

ती ओरडली का नाही, हे त्याला उमगेना. धोंडा घेऊन धावली असती तर त्याला समजलं असतं. दिवे लागायच्या सुमाराला ती घराच्या अंगणात आली, तेव्हा तो माजघरात दाराआड उभा राहिला. भित्रा तो भित्रा.

तानुबाई ओट्याच्या पायरीखालीच थांबली. "आबा," ती म्हणाली, "आमचं काय चुकलं?"

कुशाबा सुपारी कातरत होता. "चुकाया काय झालं?"

"कुप काढलं, राब मोडला. जमीन काढून घ्यायची व्हती, तर पेरायच्या आधी सांगायचं. बियाणं तरी वाचलं असतं. मी काय न्हाई म्हनले असते व्हय?"

ती ओरडली का नाही, ते दाराआड भैरूला आता कळलं. तिला वाटलं होतं, जमीन मालकाने परत घेतली. पोरांचा खेळ आणि एका पोराचा खोटेपणा, एवढ्यावर हे घडलं असेल हे तिच्या मनाला शिवलंही नव्हतं. राबाचं कुंपण काढून मालकाचा पोरगा तिथं खेळतो म्हणजे मालकाचा हुकूमच; त्या डोंगरात दुसरा अर्थ होत नव्हता. आता आबा हसतील, म्हणतील, छे गं तानू, पोरांची चूक झाली. भैरू वाट बघत राहिला.

"जमीन लागतीया आमाला," कुशाबा सावकाश म्हणाला. "कालेजच्या पोरांना मैदान द्यायचं ठरलंय. तुजं काय बी चुकलं न्हाई. खाचरं बी यंदा आमीच लावू."

रत्नाबाई चुलीपुढून उठून दारापर्यंत आली, नवऱ्याच्या पाठीकडं पाहिलं आणि पुन्हा आत वळली. जाताना भैरूजवळ थांबली. "तुला सांगितलं व्हतं न्हवं मी?" एवढंच म्हणाली.

तानुबाई गेल्यावर कुशाबाने भैरूला हाक मारली. जवळ बसवून घेतलं, पाठीवर थाप मारली. "लेका, शिकल्याचं चीज केलंस! कुळकायदा आलाय, कसंल त्याची जमीन व्हायची. म्या दोन वरसं डोकं खाजवतोय, हिला काढावी कशी. धक्का मारून काढली तर पौडच्या कचेरीत बोंब. आणि तू चेंडू लाथाडत लाथाडत काम केलंस. आपल्या पायानं गेली बाई! तलाठी पाहणीला यील तवा तिचं हितं कायच न्हाई."

भैरूला आयुष्यात बापाकडून अशी शाबासकी कधी मिळाली नव्हती. आणि ती घेताना त्याला अंगावर कुणी शेण फासावं तसं होत होतं. लाज वाटली म्हणणं थोडं होतं. त्याला स्वतःच्या अंगाचीच किळस आली. जेवताना ताटातला भात तसाच राहिला. मेंडिस म्हणाला, "सेंटर हाफ, खा! छाती भरायला पाहिजे."

सकाळी निघायचं होतं. उजाडताच भैरू वरच्या वाडीवर गेला. तानुबाईच्या खोपटापुढं भांडी बांधून ठेवलेली होती. गंगूच्या गावाला कोळशाच्या भट्टीवर काम मिळेल म्हणून ती दोघं निघायच्या बेतात होती. देवूने त्याला पाहून तोंड फिरवलं.

"मावशे," भैरू म्हणाला, "आबांनी जमीन काढली नव्हती. कुप म्या काढलं. सरांना म्या सांगितलं पडीक हाय म्हणून. मला ठावं व्हतं पेरलंय ते. समदं म्या केलं."

हे बोलताना तो रडत होता, आणि रडताना जरा हलकंही वाटत होतं. तानुबाईने भांड्यांची गाठ सोडून दिली.

"कशापायी रं?"

"खेळात घेतील म्हणून."

ती मग पदर खोचून उभी राहिली. "राब गेला तर जाऊ दे. वाडीतनं चार-चार मुठी रोप मागून आणीन. जमीन ऱ्हायली पायजे. चल, आता बोललास त्येच खाली चलून बोल. तुज्या त्या मास्तराम्होरं बोल. शिकल्या-सवरल्या मान्साम्होरं आबाला मागं सरावं लागंल. आमी बोललो तर कोन ऐकतंय? तू बोल."

"बोलतो," भैरू म्हणाला. आणि त्या क्षणी तो खरंच बोलणार होता. उतारावरून तो पुढं, ती मागं, तिच्यामागं देवू, असे तिघं खाली आले.

अंगणात सगळा संघ चहा पीत बसला होता. सर बाजेवर, शेजारी कुशाबा नवी टोपी घालून. तिघांना पाहताच कुशाबाची बशी ओठांशी थांबली. सरांनी मात्र उठून तानुबाईला नमस्कार केला, सज्जन माणूस.

तानुबाईने हात जोडले. "सायेब, एक सांगायचं हाय. ह्यो भैरू सांगंल तुमास्नी."

सर त्याच्याकडं बघत होते, नेहमीच्या त्या कौतुकाने. मेंडिस बघत होता. आबा बघत होते. भैरूच्या तोंडाशी वाक्य तयार होतं: सर, मी खोटं बोललो. एवढंच तर म्हणायचं होतं. पण ते म्हटल्यावर सरांचं तोंड कसं होईल ते त्याला दिसलं. आणि त्याने तोंड उघडलं, तेव्हा त्यातून पुण्याची स्वच्छ मराठी बाहेर पडली.

"सर, मावशी आपल्याला निरोप द्यायला आली आहे."

"अरे वा!" सर म्हणाले. "बाई, तुमचं गाव फार चांगलं आहे हो. असंच प्रेम असू द्या."

तानुबाईने भैरूकडं पाहिलं. त्या पाहण्यात राग असता तर त्याने तो जन्मभर सांभाळून ठेवला असता. पण तिथं राग नव्हता. आपण ह्याच्यामागून एवढा डोंगर उतरून कशाला आलो, एवढंच होतं. "व्हय," ती सरांना म्हणाली, "निरोपच." देवूचा हात धरून ती वळली. कुशाबाने उरलेला चहा फुर्रकन ओढला.

पौडला गाडी सुटली तेव्हा पोरं गात होती, शील्ड ठेवायला कॉलेजात कपाट आहे का यावर वाद घालत होती. सरांनी टाळी वाजवून सगळ्यांना गप्प केलं.

"एक बातमी आहे," ते म्हणाले. "भैरूच्या वडिलांनी ती जागा आपल्याला दरवर्षी सरावासाठी द्यायचं कबूल केलंय. कायमची! आणि हे सगळं कुणामुळं?"

"भैरूमुळं!" मेंडिस उठून उभा राहिला. "थ्री चिअर्स फॉर आवर सेंटर हाफ! हिप हिप..."

"हुर्रे!" सगळी गाडी दणाणली. भाजीच्या पाट्या घेऊन बसलेल्या बायासुद्धा वळून हसायला लागल्या. शेजारच्याने भैरूला दंडाला धरून उभं केलं. त्याने मान खाली घातली, तर पोरांना वाटलं गडी लाजला, आणि ती आणखी जोरात ओरडली. कुणीतरी एकाने तरी ह्या गाडीत उठून आपल्या थोबाडीत मारावी, असं भैरूला फार वाटलं. पण पोरांचा हुर्रे संपेना, आणि तो संपेपर्यंत त्याला तसंच उभं राहावं लागलं.